उन्हातला पडदा

पूर्वी तालुक्याच्या कचेरीसमोर एक फोटोग्राफर बसायचा. तीन पायांच्या घोडीवर लाकडी खोका, खोक्याला मागून काळं कापड, आणि त्या कापडात डोकं खुपसून तो समोरच्या माणसाकडे पाहत राहायचा. आम्हा पोरांना वाटायचं, आत काहीतरी गंमत आहे. पुढे हे फोटोग्राफर गेले, घोड्या गेल्या, आणि मीही तो देखावा विसरून गेलो होतो. मध्यंतरी एका एप्रिलमध्ये, ओझरला, आमच्या भागातल्या एका शेतकरी संस्थेच्या ओसरीवर भर दुपारी तो मला पुन्हा दिसला. साठीपुढचे एक शेतकरी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून पुढे ओढून, भिंतीवरच्या यंत्रावर पसरून, आत डोकं घालून उभे होते. मागे पाचसहा जण रांगेत. कुणाला त्यात काही नवल वाटत नव्हतं.

यंत्र म्हणजे टचस्क्रीन मॉनिटर. माल काट्यावर चढला की वजनाची नोंद या पडद्यावर येते. शेतकऱ्यानं ती पाहायची, बरोबर असेल तर हिरव्या चौकटीवर बोट ठेवायचं, मग आतून पावती निघते. कल्पना उत्तम. पूर्वी आतला कारकून काय लिहितो ते बाहेरच्याला कळायचं नाही. आता ते त्याच्या डोळ्यांसमोर यावं म्हणून हा खटाटोप. पण ओसरी दक्षिणेला उघडी, समोर चुन्यानं रंगवलेली कंपाउंडची भिंत, आणि ऊन असं की डांबर मऊ व्हावं. गृहस्थ टॉवेलाखालून बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "दिसलं का?"

"साहेब, ह्याच्यात माझंच तोंड दिसतं," ते म्हणाले. "चारशे अठरा आहे का चारशे अठ्ठ्याण्णव, ते काही कळलं नाही. एक आहे का नऊ आहे... दाबलं हिरवं. आत बसलेला आपलाच पोरगा आहे, बरोबरच असंल."

बरोबरच होतं. ते महत्त्वाचं नाही. ऐंशी किलोंच्या फरकावर डोळे झाकून बोट ठेवलं गेलं, आणि ते ठेवण्यासाठीच हे यंत्र बसवलं होतं, हे मला खटकलं.

मी तिथं गेलो होतो ते वेगळ्याच कामानं, किंवा त्याच कामानं म्हणा. संस्थेला वर्षाच्या आत हा मॉनिटर बदलायचा होता. "तुम्ही बँकेत होतात, कोटेशनं तुम्हाला कळतात, जरा नजर घाला," असं संचालकांचं म्हणणं. पहिल्या खरेदीची फाईल मी मागून घेतली. फाईल अगदी चोख होती. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दराची निवड, ठराव, सह्या. मागणीपत्रात लिहिलं होतं: टचस्क्रीन मॉनिटर, एक नग, इंच अमुक. बस्स. हा नग उन्हात बसणार आहे, हे त्या फाईलमध्ये एकाही कागदावर नव्हतं. प्रात्यक्षिक कुठं झालं, तर संचालकांच्या खोलीत, पडदे ओढून, पंख्याखाली, चहा घेत. तिथं तो झकास दिसला असणार यात मला तिळमात्र शंका नाही.

ओझरमध्ये हे घडावं यात एक गंमत आहे. उन्हात पडदा कसा वाचायचा हा प्रश्न ज्या धंद्यात सर्वांत आधी आणि सर्वांत निकडीनं उभा राहिला तो विमानांचा धंदा, आणि ओझर गेली साठ वर्षं त्याच धंद्याचं गाव आहे. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना इथं मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला. आमच्याकडे जुनी माणसं अजून कारखान्याला नुसतं 'मिग'च म्हणतात. पुढे मिग-२७ आलं, सुखोई-३० आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलानं मिग-२१ला निरोप दिला आणि पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, इथं बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए इथल्याच धावपट्टीवरून उडालं. मिगच्या जुन्या कॉकपिटमध्ये घड्याळांसारख्या तबकड्या असत. काळ्या तबकडीवर पांढरे आकडे; ऊन जितकं जास्त तितके ते स्पष्ट. सुखोईत तबकड्यांची जागा रंगीत पडद्यांनी घेतली. लढाऊ विमानाच्या वैमानिकावर काचेचा घुमट असतो, ऊन चहूबाजूंनी आत येतं, ढगांच्या वर तर लपायला जागाच नाही. तिथं टॉवेल डोक्यावर घ्यायची सोय नसते.

आमचे एक शेजारी त्याच कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना संध्याकाळी गाठलं आणि संस्थेची हकिकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "अहो, दुपारी रस्त्यावरून एखाद्या दुकानाच्या काचेत पाहा. आतला माल दिसतो का? स्वतःचाच शर्ट दिसतो. रात्री दिवे लागले की आतलं सगळं दिसतं. तुमच्या पडद्याचं तेच आहे. तो बिघडलेला नाही, तो हरलेला आहे."

मग त्यांनी कागद मागवला. कारखान्यातल्या माणसाला कागदाशिवाय बोलता येत नाही, हे मी चाळीस वर्षं पाहतो आहे. तो हिशेब मला इतका पटला की तो इथं मांडतोच.

पडद्याचा उजेड 'निट' या एककात मोजतात. (नीट आणि निट यांचा काही संबंध नाही, हे त्यांनीच सांगून टाकलं.) एक चौरस मीटर पृष्ठभागातून साधारण एका मेणबत्तीएवढा उजेड समोर आला तर तो एक निट. कचेरीतला सर्वसाधारण मॉनिटर अडीचशे ते तीनशे निटचा असतो. आता समोरची ती चुन्याची भिंत घ्या. भर दुपारचं थेट ऊन म्हणजे सुमारे एक लाख लक्स. कचेरीत टेबलावर तीनशे ते पाचशे असतात. पांढरी भिंत त्या उन्हातला ऐंशी टक्के उजेड परत फेकते असं धरलं, तर भिंत स्वतःच सुमारे पंचवीस हजार निटांनी झळकत असते. पडदा तीनशे, भिंत पंचवीस हजार.

भिंत पडद्यावर कशी येते? काचेतून. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड मागे फिरतो. साध्या टचस्क्रीनमध्ये वर एक काच, तिच्याखाली हवेची बारीक फट, आणि त्याखाली खरा पडदा. म्हणजे काचेची वरची बाजू, खालची बाजू आणि आतल्या पडद्याची बाजू, असे तीन पृष्ठभाग झाले. बारा टक्के. पंचवीस हजारांचे बारा टक्के तीन हजार. तीन हजारांच्या लखलखाटात आपला तीनशेचा आकडा! टॉवेलाखालच्या गृहस्थांना स्वतःचं तोंड दिसलं हेच पुष्कळ झालं.

यावर विक्रेत्यांचं ठरलेलं उत्तर असतं की, साहेब, जास्त निटचा घ्या. हजार निटचा घेतला तर? अंधाऱ्या जागी तीन हजार, उजळ जागी चार हजार. चारास तीन. अक्षर उमटायला तेवढा फरक पुरत नाही, वाचणारा कष्टी होतो. तीन-चार हजार निट करावेत, तर वीज वाढते, उष्णता वाढते, आणि आधीच उन्हात तापलेला मॉनिटर आतूनही भाजून निघतो. हे पडदे द्रव स्फटिकांवर चालतात. ठरावीक तापमानापलीकडे ते स्फटिक आपला धर्म सोडतात आणि पडद्यावर काळे डाग पसरतात. थंड झाल्यावर जातात बहुधा, पण तोवर रांग घरी गेलेली असते. आपला मोबाईलसुद्धा उन्हात आधी आपोआप उजळतो आणि तापला की स्वतःहून मंद होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

शेजाऱ्यांनी मग कागद उलटा केला. उजेड वाढवण्याआधी परत फिरणारा उजेड कमी करा, म्हणाले. काच आणि पडदा यांच्यातली हवेची फट पारदर्शक चिकट द्रव्यानं भरून टाकतात, त्याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. आतले दोन पृष्ठभाग जवळजवळ नाहीसे होतात, बारा टक्क्यांचे चार होतात. वर काचेला परावर्तनरोधक थर दिला, चष्म्याच्या काचांना देतात तसा, तर चाराचा एक होतो. पंचवीस हजारांचा एक टक्का म्हणजे अडीचशे. आता हजार निटचा पडदा लावा: साडेबाराशे विरुद्ध अडीचशे. पाचास एक. आरामात वाचता येतं.

"आणि," ते म्हणाले, "ती समोरची भिंत कशाला पांढरी ठेवलीय? गडद हिरवी करा, नाहीतर तिच्यावर वेल सोडा. पंचवीस हजारांचे तीन हजार होतील. त्याला किती खर्च येतो?"

मी थक्क झालो. एका मॉनिटरच्या निवडीत भिंतीचा रंग येतो, हे कुठल्याही कोटेशनात लिहिलेलं नसतं.

बाकीच्या गोष्टी त्यांनी झरझर सांगितल्या. खरखरीत, म्हणजे अँटी-ग्लेअर, काच आणि परावर्तनरोधक थर यांत घोटाळा करू नका. खरखरीत काच प्रतिबिंब पुसट करते पण उजेड पडदाभर पसरवते, आणि थेट ऊन पडलं की सगळा पडदाच दुधाळ होतो. दाबावर चालणारा टचस्क्रीन हातमोज्यातूनही चालतो, पण त्यात थर जास्त, म्हणून उजेड अडतो. आपल्या मोबाईलसारखा, बोटातल्या विद्युतभारावर चालणारा, जास्त स्वच्छ दिसतो, पण फवारणीचे जाड मोजे त्याला कळत नाहीत आणि पावसाचे थेंब त्याला बोटं वाटतात. आमच्या ओसरीवर येणाऱ्यांच्या हाताला माती असेल, द्राक्षाचा चिकट रस असेल, मोजे क्वचितच. तेव्हा दुसरा घ्यावा, असं ठरलं. आणि पोलराइज्ड गॉगल! आजकाल मोटारसायकलवर सगळी तरुण पोरं असे गॉगल घालतात. काही पडदे त्यातून एका कोनातून ठार काळे दिसतात. मान तिरकी केली की दिसतात. विकत घेण्याआधी गॉगल घालून आडवंउभं पाहून घ्यावं, एवढाच त्यावर उपाय.

इथं माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. ती न सांगता दुसऱ्यांच्या फायलीवर बोट ठेवणं बरं दिसणार नाही.

मी शाखाधिकारी असताना आमच्या शाखेला एटीएम मंजूर झालं. दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. जागा मी निवडली. रस्त्यालगतचा गाळा, पश्चिमेला तोंड, भाडं कमी. उद्घाटन सकाळी दहाला झालं, नारळ फुटला, पडदा सुरेख दिसला. दुपारी तीननंतर त्या गाळ्यात सूर्य सरळ आत यायचा. लोक हातानं आडोसा करून वाचायचे, आणि तेही दिसलं नाही की शेजारच्याला विचारायचे. एक निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाई होत्या, शिक्षिका होत्या त्या, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी एका दुपारी मागं उभ्या असलेल्या मुलाला सांगितलं, बाळा, जरा वाचून दाखव रे. बाळानं वाचलं, दाबलं, पिन विचारला, कार्ड परत दिलं. आठवड्यानं त्या पासबुक भरायला आल्या तेव्हा कळलं, दिलेलं कार्ड दुसऱ्याच कुणाचं होतं. चौकशी झाली. अहवालात निष्कर्ष होता: ग्राहकाचा निष्काळजीपणा, पिन त्रयस्थ व्यक्तीस सांगितला. निष्कर्ष नियमानुसार होता. सही माझी होती. ज्यांनी आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलं त्यांना मी निवडलेल्या जागेनं दुपारी तीन ते सहा निरक्षर करून ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं असतं तरी अहवालात त्याचा रकाना नव्हता.

बँकेत मी अंगठ्यांची पुष्कळ खाती हाताळली. अंगठा उठवणाऱ्याला आपण वाचू शकत नाही हे ठाऊक असतं, म्हणून तो सावध असतो, दोनदा विचारतो, पुतण्याला बरोबर आणतो. पडद्यापुढच्या साक्षर माणसाची पंचाईत निराळी. आपल्याला वाचता येत नाही असं म्हणायची त्याला लाज वाटते, आणि तो हिरवं दाबून मोकळा होतो.

ही पंचाईत आता ओसरीपुरती राहिलेली नाही, शेतात गेली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पीक नोंदवायचं, फोटो काढायचा, आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची. तलाठ्यानं गावात बसून पिकं लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं, याबद्दल माझं दुमत नाही. सातबाऱ्यावरच्या पीकपेऱ्याला काय किंमत असते ते पीककर्ज मंजूर करताना मी रोज पाहिलेलं आहे. नुकसानभरपाई आली तरी आधी तोच रकाना पाहतात. पण ही नोंद होते तो पडदा स्वस्तातल्या मोबाईलचा असतो, वर छप्पर नसतं, आणि यादीत गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र असं एकाखाली एक बारीक अक्षरात. बोट एक ओळ खाली पडलं की सोयाबीनच्या जागी दुसरंच काही. माझी एक साधी सूचना आहे. असे कार्यक्रम बनवणाऱ्यांनी पडदा पांढरा आणि अक्षरं काळी, जाड, मोठी ठेवावीत. हल्ली काळ्या पडद्यावर करड्या अक्षरांची फॅशन आहे. रात्री अंथरुणात ती छान दिसतात. उन्हात काळा पडदा म्हणजे आरसा.

असो, ओसरीकडे परत येतो.

दुसऱ्या खरेदीचं मागणीपत्र आम्ही बदललं. त्यात एक वाक्य घातलं: प्रात्यक्षिक संस्थेच्या ओसरीवर, दुपारी दोन वाजता. नुसत्या या वाक्यानं तीनांपैकी एक विक्रेता गळाला. त्याला त्या दिवशी दुसरीकडे काम निघालं. दुसरा जो आला त्याचा पडदा कागदावर सर्वांत तेजस्वी होता, पण काचेखाली फट होती. तिसऱ्याचा हजार निटचा, फट भरलेला, थर दिलेला. परीक्षक म्हणून मी टॉवेलवाल्या गृहस्थांनाच बसवलं. आतून पोरानं मनात येतील ते आकडे पाठवायचे, यांनी मोठ्यानं वाचायचे. मुद्दाम १ आणि ९, ५ आणि ६ यांची भेसळ करायला सांगितलं होतं. दुसऱ्याच्या पडद्यावर ते चाचरत राहिले, तिसऱ्याचे आकडे रेशनच्या यादीसारखे घडाघडा वाचले. बिचारा विक्रेता म्हणाला, "साहेब, अशी परीक्षा आमच्या कंपनीतही झाली नव्हती."

किंमत पहिल्या मॉनिटरच्या अडीचपट. त्यावर संचालकांत जी चर्चा झाली ती इथं देत नाही. एकाचं म्हणणं होतं, लेखापरीक्षक विचारील की कमी दराचा का नाही घेतला. प्रश्न रास्त होता. कमी दराचा नियम वाईट नाही. तो नसता तर सहकारात काय झालं असतं ते मी सांगायला नको. पण वस्तू काय हवी हे नीट लिहिलेलं असेल तरच दरांची तुलना होते. छत्री आणि टोपी यांच्या किमती शेजारी शेजारी लिहून टोपी स्वस्त पडते म्हणायचं, त्यातला हा प्रकार. एका तरुण संचालकानं वेगळा मुद्दा काढला आणि तो मला आवडला. त्याचं म्हणणं, पावतीपुरता टचस्क्रीन ठेवा, पण दिवसाचे भाव सांगायला रंगीत पडदा कशाला? आपल्या तालुक्यात, लासलगावला, निफाडला, भाव फळ्यावर खडूनं लिहिलेले आपण लहानपणापासून वाचत आलो. फळा उन्हाशी भांडत नाही, उन्हाच्याच उजेडात दिसतो. ई-पेपर नावाचा पडदा त्याच तत्त्वावर चालतो, पुस्तकं वाचायच्या यंत्रात असतो तो. चित्र बदलायला वेळ लावतो, रात्री वरून दिवा लागतो, पण दुपारी छापील कागदासारखा दिसतो. तो पुढच्या वर्षी पाहू, असं ठरलं. तोवर फळा आहेच.

मॉनिटरची जागाही बदलली. आता तो ओसरीच्या उत्तरेकडच्या अंगाला आहे. वर पत्र्याचा टोप केला, हातभर पुढे आलेला. शेजाऱ्यांनी इथंही कागद मागवला होता. ओझरचा अक्षांश वीसच्या थोडा वर. त्यामुळे वीस मेच्या सुमारापासून तेवीस जुलैच्या सुमारापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेची भिंत वर्षभर सावलीत असते हा समज आपल्याकडे पूर्ण खरा नाही. पण सूर्य तेव्हा इतका उंच असतो की हातभर टोप पुरतो. पुरला. भिंतीवर मात्र वेल अजून चढलेला नाही, बकऱ्या खातात.

परवा संस्थेतून फोन आला. नवा पडदा पुन्हा दिसेनासा झालाय, भर दुपारी अगदी मंद. मला धस्स झालं. गेलो. टॉवेलवाले गृहस्थ आधीच तिथं उभे होते, या वेळी टॉवेल खांद्यावरच होता. मॉनिटरच्या कडेला एक मसुरीएवढं छिद्र असतं. बाहेर उजेड किती आहे ते त्यातून पाहून पडदा स्वतःला दिवसा उजळतो, रात्री मंद करतो. कुणीतरी भाविकानं नेमकं त्या छिद्रावर देवाचं स्टिकर चिकटवलं होतं. मॉनिटरच्या दृष्टीनं रात्र झाली होती. स्टिकर काढायला कुणाचा हात धजेना. शेवटी त्यांनीच पायातल्या चपला काढल्या, नमस्कार केला, नखानं हळूच ते सोडवलं आणि वीतभर वर नेऊन पुन्हा लावलं. पडदा लख्ख झाला. त्या छिद्रावर कुणी काही चिकटवू नये अशी सूचना तिथं चिकटवावी की कसं, हा विषय पुढच्या बैठकीत घेतला आहे.